घोडीची पोरं, गाढवाची पोरं

सातुर्निनाला राग आला की ती बटाटे सोलायला बसायची. साधासुधा राग असेल तर पाचसहा. नवऱ्याचा राग असेल तर टोपलीभर. आणि दिराचा राग असेल तर कुणीतरी जाऊन तिच्या हातातली सुरी काढून घ्यावी लागायची, नाहीतर बाईने बियाण्याचे बटाटेही सोलून ठेवले असते.

या फेरीत पहिल्याच मुक्कामाला तिने अर्धं पोतं सोललं.

"आपण चारच माणसं ना?" डॉक्टर वेन्सेस्लाओंनी तंबूतून मुंडकं बाहेर काढून विचारलं.

"चारच."

"मग एवढे बटाटे?"

"थंडी फार आहे, डॉक्टर. गप खा."

डॉक्टर म्हणजे दातांचे. आरेकिपा शहरात आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावून आता निवृत्त झालेले. सोबत बायको, ओतिलियाबाई. दोघांना डोंगराला पायी वळसा घालायचा होता, पण निवांत. पाठीवरच्या पिशव्या स्वतःच उचलायच्या हा हट्ट, बाकी तंबू, भांडी, धान्य खेचरांवर. दिसेल त्या तळ्यापाशी बसायचं, दिसेल त्या फुलाला नाव विचारायचं, आणि दुपारी जेवण झालं की डॉक्टरांनी पिशवीतून चक्क एक उशी काढायची आणि झोपायचं.

"आम्हाला कुठे पोचायचंच नाहीये," डॉक्टर मोठ्या कौतुकाने सांगायचे.

ते खरंच होतं म्हणा. पुमारिन्री गावाच्या कोंडवाड्यापासून निघायचं, बर्फाच्या डोंगराला अख्खी प्रदक्षिणा घालायची आणि परत पुमारिन्रीच्या कोंडवाड्याशीच येऊन उभं राहायचं. गावातली म्हातारी माणसं असल्या फिरस्त्यांना बघून म्हणायची, यांचं घरी भांडण झालेलं दिसतंय.

पण सातुर्निनाला पोचायचं होतं. नुसतं पोचायचं नव्हतं, पुढे राहून पोचायचं होतं. आणि ती होती सगळ्यात मागे, स्टोव्ह आणि कढई घेऊन. पुढे होता तिचा दीर फिदेन्सिओ. त्याच्या हातात तिच्याच घोडीचा दोर, आणि घोडीच्या मागे तीन खेचरं अशी शिस्तीत चाललेली, जशी काही नवरदेवाची वरात.

भांडण त्या खेचरांचं होतं.

घोडी सातुर्निनाची. कोंदेसा तिचं नाव. बापाने लग्नात दिलेली, गळ्यात पितळी घंटेसकट. या कोंदेसाला झाली तीन खेचरं: त्रुएनो, कानेला आणि धाकटा चुस्को. आता खेचर काय आभाळातून पडत नाही, त्याला बाप लागतो. बाप होता फिदेन्सिओचा गाढव. त्या गाढवाचं नाव बिशप, कारण तो चालायचा तसा. मागच्या पावसात बिशप कडा घसरून गेला, सासरे त्याआधीच गेले होते, दोघा भावांनी घर वेगळं केलं, मेंढ्या वाटल्या, वावर वाटलं, आणि गाडी येऊन अडली या तिघांपाशी.

"आई माझी," सातुर्निना म्हणाली. "पोरं आईची."

"नाव बापाचं लागतं, वहिनी," फिदेन्सिओ म्हणाला.

"मग लाव की. गाढवाचं नाव लावायला तुमच्या घरात कधी कुणी लाजलंय?"

हे सगळं चावडीवर, भर सभेत. लोक पोट धरून हसले. फिदेन्सिओ नाही हसला. त्याने मिशीवरून हात फिरवला, आणि तो मिशीवरून हात फिरवतो तेव्हा समजावं की हा काहीतरी शिजवतोय.

सान्तियागोच्या सणाला गावातली सगळी जनावरं कोंडवाड्यात येतात आणि त्यांच्या कानात घराच्या रंगाची रिबीन ओवतात. आजवर या घराची रिबीन लाल. घर फुटल्यावर सातुर्निनाने गुलाबी घेतली, फिदेन्सिओने हिरवी. रिबिनी ओवायचा मान म्हाताऱ्या एमेतेरिओचा. तो दोघांचं ऐकून ऐकून इतका कंटाळला, की म्हणाला, "आईचं की बापाचं, मला विचारू नका. सणाच्या दिवशी ही जनावरं ज्याच्या मागे आपल्या पायांनी फाटकातून आत येतील, त्याचा रंग. ओढून आणलेली चालणार नाहीत, मारून आणलेली चालणार नाहीत. आता मला जेवू द्या."

सातुर्निनाने तिथल्या तिथे हो म्हटलं. एवढी खूश झाली, की एमेतेरिओला घरी नेऊन गिनीपिगचं कालवण वाढलं. खेचरं घंटेमागे जातात, घंटा घोडीच्या गळ्यात, घोडी आपली. झालं की! यात हरायला काय आहे?

तिची चूक ती एवढीच. आणि ती आठवली की तिला स्वतःला एक थोबाडीत द्यावीशी वाटायची.

कारण पंधरा दिवसांनी फिदेन्सिओ दारात उभा. "वहिनी, शहरातल्या कंपनीचं काम आलंय. म्हातारं जोडपं आहे, निवांत फेरी. तीन खेचरं आणि तुमची घोडी लागेल. स्वयंपाकाला तुम्ही." तिला मीठ, साखर, रॉकेल सगळं घ्यायचं होतं, आणि नवरा लिमात बसून मोटारसायकलची रिक्षा फिरवत होता, म्हणजे मुख्यतः ती रस्त्याच्या कडेला लावून गप्पा मारत होता. ती हो म्हणाली. निघायच्या दिवशी कळलं, की फेरी संपते बरोब्बर सान्तियागोच्या सणाला.

आणि फेरीत खेचरवाला पुढे चालतो, स्वयंपाकीण मागे. हे पुमारिन्रीत कुणी ठरवलेलं नाही, पण कुणी मोडलेलंही नाही.

"कसं आहे वहिनी," फिदेन्सिओने पहिल्या चढावरच मागे वळून सांगितलं होतं, "मी काही ओढत नाही, काही मारत नाही. मी आपला चालतो. ती आपली येतात." आणि खिशातून हिरव्या रिबिनीचं टोक काढून त्याने नाक पुसल्यासारखं केलं.

त्या रात्रीचे ते अर्धं पोतं बटाटे.

दुसऱ्या दिवसापासून सातुर्निनाने कामाला सुरुवात केली. आधी मीठ. खेचराला मीठ म्हणजे जीव की प्राण. डॉक्टर तळ्याकाठी बसून बदकांची चौकशी करत होते, तेवढ्यात ती तळहातावर खडेमीठ घेऊन कानेलाजवळ गेली. कानेलाने हात चाटून पुसून स्वच्छ केला, मान हलवली, आणि पुढे घंटा वाजल्याबरोबर बाईकडे पाठ करून चालू लागली.

"चाटून घेतलं आणि गेली," सातुर्निना पुटपुटली. "बापावर गेलीये."

मग तिने शीळ घालून बघितली. तिचा बाप घालायचा तशी. त्रुएनोने एक कान मागे केला. फक्त एक. पुढून फिदेन्सिओ ओरडला, "छान वाजवता हो वहिनी! सणाला बँडमध्ये घेतील तुम्हाला!"

धाकट्या चुस्कोची तर गोष्टच सोडा. त्याला मीठही नको आणि शीळही नको. त्याला फिदेन्सिओची टोपी हवी. फिदेन्सिओची ती चामड्याच्या पट्टीची टोपी वीस वर्षांच्या घामात मुरलेली, आणि चुस्को संधी मिळाली की मागून येऊन ती चाटायचा, अशी डोळे मिटून, जसं काही आईचं दूधच.

"बघा, लेकरू ओळखतं घरचं माणूस," फिदेन्सिओ म्हणायचा.

"तुझ्या डोक्यात एवढंच चाटण्यासारखं आहे," सातुर्निना म्हणायची, आणि परातीत आणखी बटाटे घ्यायची.

संध्याकाळी तिने त्याच्या ताटलीतल्या रश्शात अख्खी रोकोतो मिरची चिरून टाकली, बियांसकट. पाहुण्यांना वाढलं, मग त्याला. मग समोर बसून हनुवटीखाली हात घेऊन बघत राहिली. फिदेन्सिओने पहिला घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. कान लाल झाले. त्याने दुसरा घोट घेतला. तिसरा. ताटली पुसून खाल्ली, तिच्याकडे बघून हसला, आणि अगदी हळू, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वहिनी, मीठ जरा कमी पडलं."

मनातल्या मनात तिला मान्य करावं लागलं, की हा माणूस दीर नसता तर आवडण्यासारखा होता. त्याचाही राग आला.

सगळ्यात उंच खिंडीवर फोनला रेंजची एक काडी येते. तिथे दगडांचा उंच ढीग आहे. येणारा-जाणारा खालून आणलेला एक दगड त्यावर ठेवतो, शीण तिथेच सोडून जातो. ओतिलियाबाईंनी ठेवला. डॉक्टरांनी ठेवला, मग त्याचा फोटो काढला, मग तो नीट दिसत नाही म्हणून दुसरा ठेवला. फिदेन्सिओने ठेवला. सातुर्निनाने फोन काढला.

"आन्सेल्मो!"

"हां, बोल," नवऱ्याचा आवाज आला. मागे कुणीतरी हसत होतं, पत्ते पिसल्यासारखं वाजत होतं.

"तुझा भाऊ माझी खेचरं गिळतोय."

"कोण?"

"तुझा भाऊ! फिदेन्सिओ! माझ्या घोडीला दोर बांधून पुढे चाललाय! परवा सण आहे! त्याला सांग, दोर माझ्याकडे दे म्हणून!"

"अगं, मीच त्याला म्हटलं होतं, घोडी घेऊन जा म्हणून. तो विचारत होता बिचारा."

वारा होता, म्हणून तिला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हटलंस?"

"अगं, घरचीच खेचरं ती. त्याच्याकडे काय, तुझ्याकडे काय. तुम्ही दोघं समजुतीने घ्या ना. मी काय म्हणतो, मी येतोय सणाला. बसची वेळ..."

आणि ती एक काडी गेली.

सातुर्निना फोनकडे बघत राहिली. मग ढिगाकडे. शीण उतरवायला आणलेला दगड तिच्या अंगावरच्या लोकरी पोंचोच्या खिशात होता, चांगला मुठीएवढा. तिने तो बाहेर काढला, तोलून पाहिला, फिदेन्सिओच्या टोपीकडे पाहिलं, आणि परत खिशात टाकला. असला राग ढिगावर टाकून जाण्यातला नव्हता. तो जपून खाली न्यायला हवा होता.

"नाही ठेवला?" ओतिलियाबाईंनी विचारलं.

"लागेल," सातुर्निना म्हणाली.

 ओतिलियाबाई एकूणच कमी बोलायच्या, कारण त्यांच्या वाटचंही डॉक्टर बोलायचे. पण उतारावर त्या मुद्दाम मागे राहिल्या आणि सातुर्निनाच्या बरोबरीने चालू लागल्या.

"नवरा?" त्यांनी विचारलं.

"आणि दीर. जोडी."

"माझा एकटाच आहे," ओतिलियाबाई म्हणाल्या, "पण दोघांचं काम करतो." आणि पुढे वाटेवर पसरलेल्या डॉक्टरांकडे हनुवटीने खूण केली. डॉक्टर उशीत तोंड खुपसून घोरत होते. दुपारचं जेवणसुद्धा अजून व्हायचं होतं.

ही दुपारची झोप म्हणजे फिदेन्सिओला पहिल्या दिवशी मोठी थट्टाच वाटली होती. "झोपतात काय, दिवसाढवळ्या! कोंबड्यासुद्धा झोपत नाहीत!" त्याने एक तास उभं राहून खेचरांशी गप्पा मारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो बसला. तिसऱ्या दिवशी आडवा झाला, "नुसती पाठ टेकतो" म्हणून. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला आपला जास्तीचा अंगरखा गुंडाळून उशाला दिला. आणि आता खिंडीखालच्या गवतात दोघे शेजारी शेजारी असे घोरत होते, एक वर घ्यायचा, एक खाली सोडायचा, की वरून उडणारं गिधाड खाली उतरून खात्री करून गेलं.

पण पठ्ठ्या सावध. झोपायच्या आधी कोंदेसाचा दोर मनगटाला दोन वेढे देऊन गाठ मारायचा. गाठसुद्धा अशी, की ती सोडवायला गेलेल्याला त्याने झोपेतच "वहिनी" म्हणावं. एकदा म्हणालाही. सातुर्निनाचा हात अजून दोरापासून वीतभर लांब होता.

"वहिनी," डोळे मिटलेलेच, "चहाला वेळ आहे अजून."

त्या संध्याकाळी पोतं संपत आलं.

सणाच्या दिवशी सकाळीच बर्फाकडची बाजू सुटली आणि खाली पुमारिन्री दिसायला लागलं. कोंडवाड्याची गोल दगडी भिंत, फाटकावर लावलेली फुलं, आणि वळणदार शिंगांच्या तुताऱ्या अशा भसाभसा वाजत होत्या, की डॉक्टरांनी विचारलं कुणाला काही होतंय का. वाट आता नुसती उताराची होती. जेवून निघालं की संपलं. फिदेन्सिओने ओढ्यात तोंड धुतलं, मिशीला पाणी लावलं, हिरव्या रिबिनी खिशातून काढून झटकल्या आणि मोजल्यासारखं करत परत ठेवल्या.

"वहिनी, शेवटचं जेवण. जरा चांगलं करा. जिंकणाऱ्याच्या पोटात काहीतरी जायला हवं."

"करते," सातुर्निना म्हणाली.

तिने पोत्याच्या तळाशी उरलेले शेवटचे बटाटे उकडले आणि कढईत चेचायला घेतले. असे चेचले, असे चेचले, की चीज घालायची गरजच पडली नाही. दातओठ खाऊन मुसळीसारखा दगड चालवत होती. दगड तोच, खिंडीवरून आणलेला. मऊ लोण्यासारखा चिकट गोळा झाला. फिदेन्सिओने दोनदा घेतला. डॉक्टरांनी तीनदा घेतला, तोंड पुसलं, उशी काढली.

"अर्धा तास," डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस घाई केली नाही, आता कशाला करायची?"

फिदेन्सिओने खाली गावाकडे पाहिलं. सूर्याकडे पाहिलं. तुताऱ्या वाजत होत्या. उभं राहावं की नाही, याचा त्याने खरंच विचार केला. सातुर्निनाने त्याच्या तोंडावर तो विचार पाहिला. मग त्याला जांभई आली. पाच दिवसांची सवय ती. पोटात बटाटे, पाठीवर ऊन. त्याने दोर मनगटाला गुंडाळला, गाठ मारली, दोनदा ओढून बघितली, वहिनीकडे बघून डोळा मारला आणि टोपी तोंडावर घेतली.

घंटा मात्र घोडीच्या गळ्यातच होती. घंटेला कोण गाठ मारतं?

सातुर्निना कढईशी बसून राहिली. डॉक्टरांचं वर घेणं सुरू झालं. फिदेन्सिओचं खाली सोडणं सुरू झालं. मग ती उठली. आधी स्टोव्ह चुस्कोवर लादला, तिन्ही खेचरांच्या ओझ्यांचे सैल केलेले पट्टे एकेक करून आवळले. मग कढईतला उरलेला बटाट्याचा गोळा मुठीत घेतला आणि सालं दुसऱ्या हातात. सालं कोंदेसाच्या तोंडासमोर धरली. घोडी खायला लागली. घंटा अशी टण् म्हणायच्या बेतात होती, तेवढ्यात सातुर्निनाने तो गोळा खालून आत कोंबला. आतला लोलक चिकटून बसला. घंटा मुकी झाली. घंटेच्या पट्ट्याचा आकडा जुना, बापाच्या हातचा. तो तिच्या बोटांनी न बघताच सोडवला.

ती वळली तर ओतिलियाबाई उठून बसलेल्या, टक्क जाग्या.

"काय करतेस?" त्यांनी ओठांनीच विचारलं.

"घंटा धुते."

"बटाट्याने?"

"चकाकी येते."

ओतिलियाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. फिदेन्सिओकडे पाहिलं. मग शांतपणे आपली पिशवी पाठीवर चढवली, पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "चल. यांचा अर्धा तास चाळीस वर्षं चाललाय."

दोघी वळणापलीकडे गेल्या. तिथे सातुर्निनाने घंटेतला बटाटा बोटाने उकरून काढला. अर्धा निघाला, अर्धा आतच चिकटून बसला. तिने घंटा गळ्यात घातली, पट्टा मागे बांधला, आणि वर बघून जोराने मान हलवली.

आवाज काही नीट आला नाही. टण् च्या जागी टक् आला. बसका, सर्दी झाल्यासारखा. पण वर त्रुएनोचे कान उभे राहिले. या वेळी दोन्ही.

आणि मग जे झालं ते सातुर्निनाने पाठमोरं ऐकलं, कारण ती चालत होती, थांबली नाही. आधी त्रुएनोच्या टापा. मग कानेलाच्या. भांडी खडखडली. मग कोंदेसा खिंकाळली, कारण घंटा चालली, पोरं चालली आणि मी इथे काय करतेय, हे घोडीच्याही लक्षात आलं. आणि मग फिदेन्सिओ ओरडला.

तो उठला नाही. त्याला उठवण्यात आलं. कोंदेसा उताराला लागली आणि मनगटावरची गाठ इतकी उत्तम होती, की ती त्याला स्वतःलाही सोडवेना.

"थांब! ए! ओ वहिनी! वहिनी, थांबा! हे बरोबर नाही! हे... आई गं!"

"मी काही ओढत नाही, भावजी!" सातुर्निना मागे न बघता ओरडली. "मी आपली चालते!"

"घोडी थांबवा!"

"बापाचं नाव घे, थांबेल!"

उतारभर असंच. पुढे गळ्यात घंटा घातलेली बाई, टक् टक् करत, तिच्या शेजारी पाठीवर पिशवी घेतलेली शहरी म्हातारी, जिला हसू आवरत नव्हतं. मागे दोन खेचरं. मागे घोडी. घोडीच्या मागे पळणारा, घसरणारा, दगडांना शिव्या देणारा, एका हाताने पॅन्ट धरलेला फिदेन्सिओ. आणि सगळ्यात मागे, खूप मागे, उशी छातीशी धरून डॉक्टर, "अहो, काय झालं? कुणाचा दात पडला का?" असं विचारत येणारे.

कोंडवाड्यापाशी तुताऱ्या बंद पडल्या. अख्खं गाव भिंतीवर चढलं. फाटकात एमेतेरिओ सुई आणि रिबिनी घेऊन उभा, आणि त्याच्या शेजारी नवा शर्ट घातलेला, हातात मक्याच्या दारूचा, चिचाचा पेला घेतलेला आन्सेल्मो. बस वेळेवर आली होती. नको तेव्हा नेमकी वेळेवर येते.

"अगं," आन्सेल्मो म्हणाला, "गळ्यात काय हे?"

सातुर्निना त्याला बाजूला सारून आत गेली. मागे त्रुएनो आत गेला. कानेला आत गेली. घोडी आत गेली, आणि दोराच्या टोकाला फिदेन्सिओ आत गेला, गुडघ्यांवर.

"ओढून आणलेलं चालणार नाही म्हणालात!" तो धापा टाकत ओरडला.

"जनावर ओढून आणलेलं म्हणालो," एमेतेरिओ म्हणाला. "तुझ्याबद्दल काही ठरलं नव्हतं."

भिंतीवरून असं हसू फुटलं, की दोन पोरं खाली पडली. एमेतेरिओने सुईत गुलाबी रिबीन ओवली. त्रुएनोच्या कानाला गुलाबी. कानेलाच्या कानाला गुलाबी. आणि मग त्याने मान वर करून विचारलं, "तिसरा कुठाय?"

सातुर्निना गर्रकन वळली.

चुस्को अजून उतारावरच होता. टोपी वर झोपायच्या जागी पडली होती, आणि तो तिथे उभा राहून ती मनसोक्त चाटून आला होता. आता तोंडात धरून आणत होता. पाठीवर स्टोव्ह, तोंडात टोपी. घंटेकडे त्याने पाहिलं नाही. बाईकडे पाहिलं नाही. गर्दीतून सरळ वाट काढत आला, गुडघ्यांवर बसलेल्या फिदेन्सिओच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याच्या उघड्या टकलाला जीभ लावली.

"चुस्को!" सातुर्निना ओरडली. घंटा हलवली. टक्. "चुस्को, इकडे ये! ये रे बाळा! अरे हरामखोरा, माझं मीठ खाल्लंस ना!"

"त्याने नाही खाल्लं, वहिनी," फिदेन्सिओ म्हणाला. "ते कानेलाने खाल्लं." तो उठला, खरचटलेले गुडघे झटकले आणि लंगडत चार पावलं आत गेला. चुस्को त्याच्या मागे चार पावलं आत गेला. कुणी ओढला नाही. कुणी मारला नाही.

एमेतेरिओने सातुर्निनाकडे पाहिलं, खांदे उडवले आणि हिरवी ओवली.

"दोन तुझी, एक त्याचं!" आन्सेल्मो पेला उंचावून म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. "बघ, मी म्हणत नव्हतो? समजुतीने झालं की नाही!"

सातुर्निना दोन पावलं टाकून त्याच्यासमोर आली. आन्सेल्मो हसतच होता. तिने एमेतेरिओच्या हातातून गुलाबी रिबिनीचा उरलेला तुकडा घेतला.

"एमेतेरिओ काका."

"बोल."

"सुई किती मोठी आहे?"

"का गं?"

"एक जनावर राहिलंय. याला कानात काही शिरत नाही, निदान रिबीन तरी शिरते का बघू. माझ्या घरचं की त्याच्या भावाच्या घरचं, हे वर्षानुवर्षं कळत नाहीये. आज एकदाचं ठरू दे."

आन्सेल्मोचं हसू गेलं. त्याने कान झाकला. भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "ओढून आणलेला चालणार नाही!" दुसरा ओरडला, "अरे, तो स्वतःच्या पायांनी कधी आलाय का?" ओतिलियाबाई पिशवी न उतरवताच टाळ्या वाजवत होत्या. कान टोचला नाही, पण तिने ती रिबीन त्याच्या नव्या शर्टाच्या कॉलरला अशी आवळून बांधली, की त्याला दिवसभर पाणी गिळतानाही जपावं लागलं.

"आता इथे सगळ्यांसमोर सांग," ती म्हणाली. "घोडी घेऊन जा असं भावाला कुणी सांगितलं?"

"अगं, मी..."

"मोठ्याने."

"मी," आन्सेल्मो म्हणाला.

"उद्यापासून रिक्षा लिमात राहील, तू इथे राहशील आणि स्टोव्ह घेऊन मागे चालशील. पुढच्या फेरीला पुढे मी."

"आणि मी?" फिदेन्सिओने विचारलं.

"तू तुझा घोडा आण."

"माझ्याकडे घोडा कुठाय, वहिनी? माझ्याकडे एक खेचर आहे, तेही टोपीमागे जातं."

"मग टोपी पुढे धर," सातुर्निना म्हणाली. तिला हसू यायला लागलं होतं आणि त्याचाच तिला भयंकर संताप आला, कारण चुस्को, घाणेरडा, नालायक, गाढवाच्या वळणाचा चुस्को, कानात हिरवी रिबीन घालून तिच्याकडे अगदी निरागसपणे बघत होता. तिघांतलं सगळ्यात देखणं खेचर तेच होतं. हे तिला आधीपासून माहीत होतं, आणि फिदेन्सिओलाही.

संध्याकाळी सणाचं जेवण होतं. अख्ख्या गावाचं. सातुर्निनाने गळ्यातली घंटा काढली नाही, घोंगडी अंथरली, सुरी मागितली आणि गावाचा सगळा बटाटा आपल्यासमोर ओतायला सांगितला.

डॉक्टर हळूच ओतिलियाबाईंच्या कानाशी लागले. "ही जिंकली ना? मग?"

"गप खा," ओतिलियाबाई म्हणाल्या.